टिंबाआधीचं प्रश्नचिन्ह: कळमन्याच्या हिशोबासाठी सेफ कॉलची निवड

समोर वस्तूच (ऑब्जेक्ट) नाही आणि तिच्यावर मेथड, म्हणजे तिला सांगायचं काम, बोलावली, की प्रोग्रॅम कोसळतो. हे दुखणं जुनं आहे. टोनी होअर यांनी १९६५ साली अल्गॉल डब्ल्यू भाषेत नल रेफरन्स, म्हणजे 'इथे काहीच नाही' असं सांगणारा संदर्भ, आणला आणि २००९ साली त्यालाच आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. पुढे बऱ्याच भाषांनी त्यावर एक छोटं चिन्ह काढलं, त्यालाच सेफ कॉल म्हणतात: समोर काही असेल तर मेथड बोलाव, नसेल तर रिक्त परत दे आणि पुढे चल. ग्रूव्ही, सी-शार्प, स्विफ्ट, कॉटलिन, डार्ट आणि जावास्क्रिप्टमध्ये ते ?. आहे, रुबीत &. आणि पीएचपीत ?-> आहे. आमच्या एका छोट्या भाषेसाठी यातलं कुठलं घ्यायचं, यावर टीममध्ये बरेच दिवस वाद चालला. त्या वादाचं हे पूर्ण प्रकरण.

भाषा कशासाठी

नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात बसून आम्ही अडत दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो. गिऱ्हाइकं बहुतेक कळमना मार्केटमधली. प्रत्येक दुकानाचा कपातीचा हिशोब निराळा. हमाली कुणी पोत्यावर लावतो, कुणी वजनावर. उचल दिलेल्या शेतकऱ्याची वसुली कुणी एका पट्टीत (विक्रीच्या हिशोबाच्या कागदात) करतो, कुणी हंगामभर थोडी थोडी. वरून नियमही बदलतात: २०१६ साली राज्य सरकारने फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं. असा प्रत्येक बदल प्रोग्रॅमच्या पोटात शिरून करायचा, तर दुकानागणिक वेगळी आवृत्ती सांभाळावी लागते. म्हणून हे नियम लिहायला आम्ही एक लहानशी भाषा केली. नावं मराठीत, आकडे देवनागरीत, नल म्हणजे रिक्त. नियम आमची सपोर्टची मंडळी लिहितात, पण वाचतात दुकानातले मुनीमजी, कारण कपातीचं उत्तर शेतकऱ्याला त्यांनाच द्यावं लागतं.

पहिल्या आवृत्तीत सेफ कॉल नव्हता. उचल बघणारी ओळ अशी असायची:

पावती.शेतकरी.उचल

संत्र्याच्या हंगामात एका दुकानात पहिल्यांदाच माल आणलेला शेतकरी आला. काट्यावर वजन झालं, पावती बनली, पण खतावणीत त्याचं नाव नव्हतं. शेतकरी रिक्त, त्यामुळे नियम अडला आणि पट्टी छापेना. मागे टेम्पोंची रांग. दुकानाने आपला उपाय काढला: 'नवीन शेतकरी' नावाचं एक खातं उघडलं आणि नाव नसलेला प्रत्येक जण त्यात घालायला सुरुवात केली. काम चालू झालं. मग कुणीतरी एकाची उचल त्याच खात्यावर चढवली आणि दुसऱ्याच माणसाच्या पट्टीतून ती कापली गेली. "मी उचल घेतलीच नाही, तर कापली काहून जी?" हा त्याचा प्रश्न फोनवरून आमच्यापर्यंत पोचला. पैसे त्याच दिवशी परत दिले गेले. पण भाषेत 'असेल तर' म्हणायची सोय नसली, की माणसं डेटात खोटी नोंद करून ती सोय करून घेतात, हे आम्हाला तिथे नीट दिसलं.

जर घालून तपासता येत होतंच. पण पावती, शेतकरी, खाते, बँक अशी चार घरं खोल जायचं असलं, की जरच्या आत जर, त्याच्या आत आणखी जर. अशा नियमात मूळ हिशोब शोधावा लागतो, आणि मुनीमजींनी तो वाचावा ही अपेक्षा तिथेच संपते.

सगळीच टिंबं सुरक्षित केली तर?

सपोर्टकडून आलेली पहिली सूचना अशी: वेगळं चिन्ह कशाला, प्रत्येक टिंबच सुरक्षित करून टाका. ही कल्पना हवेतली नव्हे. ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेत निलला, म्हणजे तिथल्या रिक्तला, मेसेज पाठवला (मेथड बोलावली) तर काही बिघडत नाही, उत्तर निल किंवा शून्य येतं. वर्षानुवर्षं ॲप्स त्यावर चालली.

आम्ही ती नाकारली, आणि पैशाच्या हिशोबासाठी भाषा करणाऱ्या कुणीही ती नाकारावी असं मला ठामपणे वाटतं. शेतकऱ्याची नोंद नसणं साहजिक आहे, तो नवीन असू शकतो. पण पावतीला वजनच नसणं साहजिक नाही, तिथे काट्याचा काहीतरी घोळ आहे. दोन्ही ठिकाणी टिंब सारखंच गप्प बसलं, तर वजन नसलेल्या पावतीची हमाली बिनबोभाट शून्य निघेल. कुठे काही नसणं चालतं आणि कुठे नाही, हे नियम लिहिणाऱ्याने ओळीत लिहिलंच पाहिजे आणि वाचणाऱ्याला ते दिसलंच पाहिजे. चिन्ह हवं ते यासाठी. टंकायला किती सोपं, हा प्रश्न त्यानंतरचा.

दुसरी सूचना चिन्हाऐवजी मेथडची होती: शेतकरी.जमल्यास("गाव"). रुबीतल्या रेल्स या फ्रेमवर्कमध्ये ट्राय नावाची मेथड आहे, तशीच. ट्रायचा एक गुण आमच्या रुबीवाल्या भाऊनेच दाखवला: समोर निल असेल तेव्हा तर ती निल देतेच, पण त्या नावाची मेथडच नसली तरीही निल देते. ती चूक पकडायची असेल तर ट्राय-उद्गारचिन्ह ही वेगळी मेथड वापरावी लागते. राकू भाषेत .? हे चिन्ह तर सरळ 'अशी मेथड असेल तर' याच अर्थाचं आहे.

वस्तू नसणं आणि मेथड नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या भाषेत तर त्या एकत्र करणं फारच महागात पडलं असतं, कारण नावं मराठीत. गाव कुणी जुन्या वळणाने गांव लिहितो. अशा वेळी मेथड सापडली नाही की भाषेने मोठ्याने ओरडायला हवं, गुपचूप रिक्त देऊन चालणार नाही. (याच ओघात आलेली एक गोष्ट: शेतकऱ्याच्या मधला ऱ युनिकोडमध्ये एका अक्षराने लिहिता येतो, आणि र ला नुक्ता देऊनही. डोळ्याला दोन्ही एकच. म्हणून नाव आत घेतानाच आम्ही ते एनएफसी, म्हणजे युनिकोडने ठरवलेल्या एकाच, रूपात आणतो. भारतीय लिपीत नावं देऊ देणाऱ्या कुठल्याही भाषेने हे पहिल्या दिवसापासून करावं.)

तेव्हा अर्थ ठरला: फक्त डाव्या बाजूची वस्तू रिक्त असेल तरच सेफ कॉल गप्प राहील. मेथड नसेल, किंवा मेथडच्या आत काही फसलं, तर चूक नेहमीसारखीच वर येईल.

उडी किती लांब

हा भाग आम्हाला सर्वांत जास्त वेळ खाऊन गेला, आणि माझ्या मते चिन्हापेक्षा हाच महत्त्वाचा आहे. ही ओळ बघा:

पावती?.शेतकरी.गाव.नाव

पावती रिक्त निघाली. आता पुढचं शेतकरी, गाव, नाव यांचं काय?

रुबीत &. फक्त आपल्यापुरतं बघतं. त्यातून निल आलं, की पुढचं साधं टिंब त्या निलवर आदळतं आणि चूक येते. म्हणजे एकदा सुरुवात केली की साखळीत शेवटपर्यंत &. लिहावं लागतं. कॉटलिनमध्येही पुढची साखळी सोडली जात नाही, पण तिथे कंपायलर (कोड तपासून रूपांतर करणारा प्रोग्रॅम) प्रकार बघून आधीच अडवतो. सी-शार्प, स्विफ्ट, जावास्क्रिप्ट आणि पीएचपी यांनी दुसरी वाट धरली: पहिल्याच ठिकाणी रिक्त मिळालं की उरलेली अख्खी साखळी सोडून द्यायची. डार्ट आधी पहिल्या वाटेवर होती. २०२१ साली २.१२ आवृत्तीत नल सेफ्टी आली, तेव्हा ती दुसऱ्या वाटेवर गेली.

रुबीवाल्या भाऊचं म्हणणं असं की प्रत्येक टिंब स्वतःपुरतं जबाबदार असलं तर नियम समजावायला सोपा. डार्टमध्ये फ्लटरची ॲप्स करणाऱ्या आमच्या ताईने त्याला एकच उदाहरण दिलं. आमच्याकडे गावाची नोंद असल्याशिवाय शेतकऱ्याचं खातं उघडताच येत नाही. म्हणजे शेतकरी आहे पण गाव नाही, असं झालं तर डेटा बिघडलेला आहे आणि ते कळलंच पाहिजे. पण रुबीच्या पद्धतीने लिहिलं तर

पावती?.शेतकरी?.गाव?.नाव

असं सगळीकडे प्रश्नचिन्ह येतं. त्यातलं पहिलं खरं, उरलेली फक्त पहिल्याला पुरं पडायला घातलेली. वाचणाऱ्याला वाटेल की गाव नसणंही चालतं, आणि गाव खरंच हरवलं तर ते झाकलंही जाईल. इथे वाद मिटला. अख्खी साखळी सोडायची. ज्याला ती मध्येच थांबवायची असेल त्याने कंस घालावा: (पावती?.शेतकरी).गाव असं लिहिलं तर उडी कंसापाशी संपते. जावास्क्रिप्टमध्येही कंसाने हेच होतं.

साखळी सोडायची म्हणजे कंसातल्या गोष्टीही सोडायच्या, हे त्याच्यासोबत आलं. समजा ओळ अशी आहे:

पावती?.नोंद(पुढचाक्रमांक())

पुढचाक्रमांक बोलावला की पावतीपुस्तकातला एक आकडा खर्ची पडतो. पावती रिक्त असताना तो आधी बोलावला गेला, तर नोंद होणार नाही पण आकडा जाईल, आणि वर्षअखेरीस हिशोब तपासणारे मधला क्रमांक कुठे गेला ते विचारतील. म्हणून डावी बाजू रिक्त असेल तर कंसातलं काहीच चालवायचं नाही. रुबी, सी-शार्प, जावास्क्रिप्ट यांनीही हेच केलंय, त्यामुळे यावर वाद झाला नाही.

पैसे जमा करणारी मेथड

खरी ठिणगी पडली ती या ओळीवरून:

पावती.शेतकरी?.खाते.जमा(रक्कम)

शेतकरी रिक्त असेल तर काय होईल? काहीच नाही. चूक नाही, इशारा नाही, पट्टी छापली जाईल. पण रक्कम कुठल्याच खात्यात जाणार नाही. ज्या प्रसंगातून हे सगळं सुरू झालं, त्यात निदान नियम अडला तरी होता.

आम्ही ठरवलं की सेफ कॉल वाचण्यासाठी राहील, व्यवहारासाठी नाही. भाषेत प्रत्येक मेथडवर आधीपासून वाचन किंवा व्यवहार असा शिक्का होता, कारण पट्टीचा कच्चा नमुना दाखवताना व्यवहाराच्या मेथड बंद ठेवाव्या लागतात. तोच शिक्का इथे कामी आला. साखळीच्या शेवटी व्यवहाराची मेथड असेल आणि साखळीत कुठेही सेफ कॉल असेल, तर नियम जतनच होत नाही. तिथे जर लिहायचं, आणि नाहीतर नंतर काय करायचं तेही लिहायचं:

जर पावती.शेतकरी आहे तर
पावती.शेतकरी.खाते.जमा(रक्कम)
नाहीतर
रोखवही.जमा(रक्कम)
संपले

यावर आक्षेप आला तो रास्त होता. सी-शार्पमध्ये ?. चा एक नेहमीचा वापर नेमका काम करून घेण्यासाठीच आहे: इव्हेंटला ऐकणारा कुणी असेल तर त्याला बोलाव. मोठ्या भाषांनी जे चालवलं ते आपण का अडवावं? उत्तर त्या वापरातच आहे. पडद्यावरच्या बटणाला ऐकणारा कुणी नसेल तर करण्यासारखं खरोखरच काही नसतं, म्हणून गप्प बसणं बरोबर. हिशोबात मात्र जमा करायला खातं नाही म्हणजे रक्कम अधांतरी आहे. तिला कुठेतरी जागा द्यावीच लागते. आमच्या भाषेत दुसरं सगळं बदललं तरी हा नियम बदलू नये, असं माझं मत आहे.

वाचताना रिक्त आलं तर पुढचा हिशोब रिक्तवर चालू द्यायचा नाही, हेही ठरलं. रिक्त गुणिले वजन ही चूक आहे, शून्य नव्हे. शून्य हवं असेल तर तसं लिहायचं:

पावती.शेतकरी?.उचल अन्यथा ०

इतर भाषांत इथे ?? किंवा ?: असतं. आम्ही शब्द ठेवला, कारण ही ओळ मुनीमजी न समजावता वाचतात.

आता चिन्ह

एवढं झाल्यावर चिन्हाचा प्रश्न सोपा व्हायला हवा होता. झाला नाही, कारण आमच्या भाषेत होय-नाही उत्तर देणाऱ्या मेथडच्या नावात शेवटी प्रश्नचिन्ह चालत होतं: सभासद?, थकबाकीदार?. ही सवय रुबीकडून घेतलेली. आणि रुबी नेमकी इथेच अडली होती. तिथे सभासद?.नाव याचा अर्थ आधीच ठरलेला आहे: सभासद? ही मेथड बोलाव आणि तिच्या उत्तरावर नाव. म्हणून २०१५च्या डिसेंबरात आलेल्या २.३ आवृत्तीसाठी आधी .? चा विचार झाला आणि शेवटी &. ठरलं. रुबीचे जनक मात्सुमोतो यांनी त्याला एकटं बसून टिंबाकडे बघणाऱ्या माणसाची उपमा दिली, म्हणून रुबीवाले त्याला लोनली ऑपरेटर म्हणतात.

रुबीवाल्या भाऊला अर्थातच &. हवं होतं: अडचण तीच, उत्तरही तेच. मला ते पटलं नाही. रुबीकडे प्रश्नचिन्हाने संपणाऱ्या मेथड जगभर पसरलेल्या कोडमध्ये होत्या. ती नावं बदलणं अशक्य, म्हणून चिन्ह बदललं. आमचे सगळे नियम आमच्याच सर्व्हरवर, आमच्याच हातात. ज्या बंधनामुळे तो निर्णय झाला, ते बंधनच आमच्यावर नव्हतं.

&. मध्ये आणखी एक खोट आहे. ते && ची आठवण देतं, आणि && 'खोटं' (फॉल्स) या उत्तरावरही थांबतं. &. मात्र फक्त निलवर थांबतं, खोट्यावर नाही. चिन्ह एक सुचवतं आणि करतं दुसरं. ?-> बद्दल फार बोलणं झालं नाही. पीएचपीत मेथड बाणानेच बोलावतात म्हणून तिथे ते शोभतं, आमच्याकडे बाणच नाही. टिंबाऐवजी दंड (।) वापरावा अशीही एक सूचना आली. पण मराठी गद्यात आपण पूर्णविराम वापरतो, दंड नाही, आणि पडद्यावर तो उभ्या रेघेत मिसळतो.

टंकायचा मुद्दाही निघाला. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर शिफ्ट-७ दाबलं की & ऐवजी क्ष उमटतो. म्हणजे प्रत्येक & साठी कीबोर्ड इंग्रजीवर न्यायचा आणि परत आणायचा. आमच्या मशीनवर प्रश्नचिन्हालाही जास्तीची की लागते, तेव्हा हा मुद्दा कुणाच्याच बाजूने पूर्ण गेला नाही. शेवटी एडिटरमध्ये एक शॉर्टकट दिला आणि तो विषय संपवला.

फोनचा मुद्दा मात्र वजनदार ठरला. आमचं अर्धं काम फोनवर चालतं: कळमन्यातून मुनीमजी स्क्रीन वाचून दाखवतात, इकडून आम्ही दुरुस्ती सांगतो. "शेतकरी, प्रश्न, टिंब, उचल" हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं, आणि प्रश्न या शब्दातच 'आहे का?' हे आलेलं असतं. "अँड टिंब" म्हटलं की समोरून हमखास "काय आणि?" असं येतं. ज्यांना नियम वाचायचे आहेत त्यांच्या तोंडी जे बसतं ते घ्यावं, हे मला इतर सगळ्या युक्तिवादांपेक्षा मोठं वाटलं. ?. ठरलं.

जुने नियम

?. घ्यायचं म्हणजे मेथडच्या नावातून प्रश्नचिन्ह काढायचं. सभासद? चं सभासदआहे झालं, थकबाकीदार? चं थकबाकीदारआहे. नावं बदलणारं साधन आम्ही पार्सरवरच, म्हणजे ओळीची रचना ओळखणाऱ्या भागावरच, बसवलं, मजकुरात शोधून बदलणारं नाही, कारण प्रश्नचिन्ह अवतरणातल्या मजकुरातही असतं.

खरा धोका वेगळाच होता. शेतकरी.सभासद?.नाव ही अक्षरं जुन्या आवृत्तीतही चालतात आणि नव्यातही, पण अर्थ दोन. एखादा नियम साधनातून सुटला, तर तो न कुरकुरता निराळा हिशोब करेल. म्हणून मध्ये एक आवृत्ती अशी सोडली, जिच्यात टिंबाआधी प्रश्नचिन्ह येणं हीच चूक होती. ना जुना अर्थ, ना नवा. ती सगळ्या दुकानांत पोचली, एकही नियम अडत नाही हे दिसलं, तेव्हाच पुढच्या आवृत्तीत ?. ला नवा अर्थ दिला. यात वेळ गेला, आणि हंगामाच्या तोंडावर तो द्यावासा वाटत नव्हता. पण एकाच ओळीचे दोन अर्थ एकाच आठवड्यात वेगवेगळ्या दुकानांत चालू असणं आम्हाला मान्य नव्हतं.

पार्सरमध्ये आणखी एक खाच होती. भाषेत अट ? हे : ते (अट खरी असेल तर हे, नसेल तर ते) अशी रचना आहे. तेव्हा वजनदार?.५:१ याचा अर्थ काय, सेफ कॉल की अर्धा? जावास्क्रिप्टने नियम केला की ?. नंतर लगेच अंक आला तर तो सेफ कॉल धरायचा नाही. तिथला अंक म्हणजे इंग्रजी अंक. तो नियम आहे तसा उचलला असता, तर आमचा ५ त्याला अंक वाटलाच नसता. आम्ही दोन्ही लिप्यांचे अंक तपासायच्या बेतात होतो. मग टिंबाने सुरू होणारी संख्याच बंद केली: अर्धा टक्का ०.५ असाच लिहायचा. दुकानांतल्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर रिबन जुनी झाली की सुरुवातीचं टिंब उमटतच नाही, आणि .५ चे ५ होतात. त्यामुळे ही बंदी पार्सरइतकीच पट्टीसाठीही गरजेची होती.

यादीतला घटक काढायचा प्रश्न शेवटी आला. सी-शार्पमध्ये त्यासाठी ?[ आहे. आमच्याकडे याद्या चौकटी कंसात लिहितात, त्यामुळे ?[ दिसल्यावर तो अट-हे-ते मधला प्रश्न आहे की सेफ कॉल, हे पार्सरला पुढचा : सापडेपर्यंत कळत नाही. जावास्क्रिप्टपुढे हाच पेच होता आणि तिने ?.[ घेतलं. दिसायला ते बोजड आहे, टिंब तिथे उपरं वाटतं. तरी आम्हीही तेच घेतलं: पावती.तोलनोंदी?.[०].वजन. फोनवर सांगताना ते "प्रश्न, टिंब, चौकट" होतं.